फूल उन्हाळा कुठे काढतं?

वऱ्हाडात कोलंबाइनचं फूल पाहिलेली माणसं शोधावी लागतील, पण त्याचं बियाणं आता अमरावती-अकोल्यात घरपोच मिळतं. पाकिटावर निळ्या-पांढऱ्या रंगाचं, मागे पाच शेपट्या सुटलेलं फूल छापलेलं असतं. खाली तीन-चार सूचना असतात: अर्धी सावली हवी, पाण्याचा निचरा हवा, झाड वर्षानुवर्षं टिकतं, कडाक्याची थंडी सोसतं. पाकीट परदेशी असेल तर 'झोन ३ ते ८' असा एक आकडाही असतो. तो कुणी वाचत नाही, आणि गोम तिथेच आहे. हे झोन अमेरिकेच्या कृषी खात्याने आखलेले आहेत आणि ते एकाच गोष्टीवर बेतलेले आहेत: हिवाळ्यात एखाद्या गावी पारा किती खाली उतरतो. आपलं झाड बर्फात मरेल की जगेल, ही तिकडच्या बागवानाची काळजी. झोन तिचं उत्तर देतो. त्या मोजपट्टीवर अकोला ११ च्या आसपास येईल, म्हणजे थंडीने जिथे सहसा काही मरत नाही अशा गावांच्या रांगेत. पण वऱ्हाडात झाड थंडीने मरतं कधी? ते एप्रिल-मे महिन्यात मरतं. किंवा मरत नाही, नुसतं पानांवर राहतं आणि फुलायचं नाव घेत नाही. पारा ४५ अंशांवर गेला की या झाडाचं काय होतं, आणि हवी तेवढी थंडी मिळालीच नाही तर काय होतं, या आपल्या दोन प्रश्नांवर पाकीट गप्प आहे. म्हणून घरच्या बागेसाठी किंवा दांड्याच्या फुलांसाठी झाड निवडताना रंग, सावली, माती हे सगळं नंतर विचारावं आणि आधी एकच विचारावं, असं माझं मत बनत गेलं आहे: हे झाड आपला उन्हाळा कुठे काढणार आहे?

कोलंबाइनपुरतं या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर त्याचा मूळ स्वभाव समजून घ्यावा लागतो. ॲक्विलेजिया या त्याच्या कुळीत साठ-सत्तर जाती आहेत आणि त्या सगळ्या उत्तर गोलार्धाच्या थंड पट्ट्यातल्या: युरोपातली राने, सैबेरिया, अमेरिकेतले रॉकी पर्वत. आपल्याकडे काश्मीर आणि हिमाचलच्या उंच उतारांवर तिच्या काही जाती रानात आपोआप उगवतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याचं हे राज्यफूल आहे. फुलाच्या मागे ज्या शेपट्या दिसतात त्या पोकळ नळ्या असतात आणि मध त्यांच्या अगदी टोकाला असतो. त्यामुळे जेवढी नळी लांब, तेवढी लांब जीभ असलेलाच पाहुणा तिथवर पोचतो. अमेरिकेत आखूड नळीच्या लाल फुलांवर हमिंगबर्ड येतात आणि फिक्या रंगाच्या, लांब नळीच्या फुलांवर संध्याकाळी मोठे पतंग येतात. फुलाचा आकार आणि पाहुण्याची जीभ यांचा मेळ इतका स्पष्ट दिसतो की उत्क्रांतीच्या अभ्यासकांनी या कुळीवर खूप काम केलं आहे. एवढं देखणं आणि एवढं हुशार फूल आपल्याही अंगणात असावं असं वाटलं तर त्यात चूक काही नाही. अडचण त्याच्या दिनक्रमात आहे. बी रुजल्यावर पहिल्या वर्षी ते नुसतं पानांचा घोस करतं. हिवाळ्यात पानं झडतात आणि जमिनीलगतचा गड्डा बर्फाखाली झोपतो. साधारण चार-पाच अंशांची थंडी आठ-दहा आठवडे अंगावरून गेली की त्या गड्ड्याच्या पोटात फुलाचा डोळा तयार होतो आणि वसंतात दांडे वर येतात. झाड पुरेसं मोठं झालेलं असेल, डझनभर पानं धरलेली असतील, तरच या थंडीचा उपयोग होतो. कोवळ्या रोपाला ती ओळखताच येत नाही. काही नव्या संकरित वाणांची थंडीची गरज कमी केलेली आहे, पण कमी म्हणजे शून्य नाही.

आता आपला हिवाळा पाहा. डिसेंबर-जानेवारीत अकोल्याचं किमान तापमान सरासरीने बारा-चौदा अंशांच्या घरात असतं. उत्तरेचं वारं सुटलं की ते काही दिवस आठ-नऊवर येतं आणि वर्तमानपत्रांत 'हुडहुडी' हा मथळा झळकतो. पण त्याच दिवशी दुपारी पारा पुन्हा अठ्ठावीस-एकोणतीसवर गेलेला असतो. कोलंबाइनला जी सलग, दिवसरात्र टिकणारी थंडी लागते तिचा एक आठवडाही आपल्याकडे जमा होत नाही. वऱ्हाडी शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगायची खरं तर गरज नाही, कारण झाडाला झोपवल्याशिवाय ते फुलत नाही हे तत्त्व त्याने पिढ्यानपिढ्या वापरलेलं आहे. वरुड, मोर्शी, अचलपूर, चांदूर बाजारच्या संत्राबागांत बहार धरतात तो याच तत्त्वावर. अंबिया बहारासाठी हिवाळ्यात पाणी तोडून बाग ताणावर सोडायची. थोडी थंडी आणि थोडी तहान मिळून झाडाची वाढ थांबते, आणि पाणी दिलं की जानेवारी-फेब्रुवारीत फुलं निघतात. मृग बहारासाठी हाच ताण मे महिन्यातल्या उन्हात द्यायचा आणि फुलं पहिल्या पावसावर घ्यायची. म्हणजे संत्र्याला विश्रांती हवी, पण ती थंडीनेच मिळावी असा त्याचा हट्ट नाही. तहानेनेही त्याचं भागतं. कोलंबाइनचं तसं नाही. त्याला तहान दिली तर ते झोपत नाही, सुकतं. त्यातून त्याच्या झोपेचा हंगाम हिवाळा, आणि आपल्या बागेचा जागं राहण्याचा हंगामही नेमका हिवाळाच. आपल्या मातीची झोप मार्च ते जून. हे झाड आपल्याकडे आणलं की त्याने झोपायच्या वेळी जागायचं आणि जागायच्या वेळी होरपळायचं, असा उलटा प्रकार होतो.

उन्हाळा कुठे काढणार, हा प्रश्न एकदा हातात आला की आपल्याकडे टिकलेली फुलं का टिकली याचा उलगडा होत जातो. झेंडू, गलांडा, झिनिया ही मंडळी उन्हाळा बियांच्या रूपात डब्यात काढतात. ग्लॅडिओलसचे कंद फेब्रुवारी-मार्चमध्ये उकरून शीतगृहात ठेवतात. घरच्या दहा-वीस कंदांना फ्रिजमधला भाजीचा कप्पा पुरतो. निशिगंधाचा कंद जमिनीत राहतो आणि थोड्या ओलीवर तग धरतो. मोगऱ्याची गोष्ट न्यारी, तो उन्हाळ्यातच फुलतो; विश्रांती त्याला हिवाळ्यात पाणी तोडून आणि छाटणी करून द्यावी लागते. शेवंतीचं उदाहरण मात्र नीट पाहण्यासारखं आहे. आपण हाराला वापरतो ती बहुवर्षायू शेवंती पावसाळ्याच्या तोंडाशी लावायची तर तिच्या फुटव्यांसाठी आईझाडं उन्हाळाभर सावलीत, पाण्यावर जगवावी लागतात. वऱ्हाडात हे काम महाग आहे, आणि विदर्भात बिजलीची शेवंती शेतकऱ्याला जवळची वाटते त्यामागे मला हेच कारण दिसतं. बिजली हंगामी आहे. पावसाळा सरताना बी टाकायचं, ऑक्टोबरात रोपं लावायची, डिसेंबरपासून पांढरी-पिवळी फुलं तोडायची, आणि मार्चमध्ये झाड संपलं की बी झाडून बरणीत भरायचं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने या साध्यासुध्या फुलावर बरंच संशोधन केलं आहे आणि 'बिजली सुपर' हा वाणही दिला आहे. ऑक्टोबर १९६९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाची ओळख कापूस, ज्वारी, संत्रा यांच्यासाठी आहे. तिथल्या फुलशास्त्रज्ञांनी एखादं परदेशी नवल सोडून बिजलीवर वेळ घालवला, यात मला प्रदेशाची नेमकी जाण दिसते.

यावर पहिला आक्षेप फ्रिजचा येतो. हिमालय घरात नसला तरी फ्रिज आहे. त्यात बी ठेवलं की झालं. यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. बी रुजण्यासाठी लागणारी थंडी वेगळी आणि झाड फुलण्यासाठी लागणारी थंडी वेगळी. फ्रिजमध्ये ठेवलेलं कोलंबाइनचं बी जास्त चांगलं रुजेल, एवढंच. त्यातून आलेलं रोप फुलण्यासाठी पुन्हा थंडी मागेलच. मग अख्खं रोपच फ्रिजमध्ये ठेवलं तर? तत्त्वतः जमेल. गड्डा मातीसकट पिशवीत घालून दोन महिने चार-पाच अंशांवर ठेवला तर त्याला हिवाळा झाल्यासारखं वाटेल. पण जरा महिने मोजून पाहा. नोव्हेंबरात बी पेरलं तर रोपाला डझनभर पानं येईपर्यंत फेब्रुवारीचा शेवट उजाडतो. तेव्हा फ्रिजमध्ये ठेवलं तर ते बाहेर काढायची वेळ येते मे महिन्यात, नवतप्याच्या तोंडावर. थंडी घेऊन तयार झालेला गड्डा पंचेचाळीस अंशांत लावायचा, याला काही अर्थ नाही. आणि पुढच्या नोव्हेंबरात लावायचं म्हणून सप्टेंबरात फ्रिजमध्ये ठेवायचं ठरवलं, तर मधला उन्हाळा आणि पावसाळा ते जिवंत ठेवावं लागतं. म्हणजे आपण फिरून पहिल्या प्रश्नावर येतो. थंडी घेतलेली तयार रोपं डोंगराळ भागातून मागवून नोव्हेंबरात कुंडीत लावली तर जानेवारीत फुलं दिसतील, हे मी नाकारत नाही. पण ती बाहेरून विकत आणलेली फुलं झाली, फक्त कुंडीसकट. त्याला बागकाम म्हणायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो वऱ्हाडातच उगवलेला आहे. अंजनगाव सुर्जी आणि अकोटच्या पानमळ्यांकडे बोट दाखवून कुणी म्हणेल की नागवेल तरी कुठे या मातीची? दमट, सावलीच्या प्रदेशातली ती वेल बारी समाजाने इथे पिढ्यानपिढ्या जगवली. शेवरी, पांगरा, हादगा दाटीने लावून सावली केली, वाफ्यांत सतत ओल राखली, चारी बाजूंनी कूड घालून गरम वारा अडवला, आणि भर मे महिन्यात आत शिरणाऱ्याला गारवा लागावा अशी जागा निर्माण केली. त्याच भागात पानपिंपळीही होते. माणसाने मनात आणलं तर हवामान बदलता येतं, याचा यापेक्षा चांगला पुरावा कोणता? पुरावा खरा आहे, आणि वऱ्हाडी माणसाच्या कसबाबद्दल मला त्याचा अभिमानही आहे. पण पानमळा कोणत्या गोष्टी बदलतो तेही पाहावं लागेल. तो ऊन कमी करतो, वारा अडवतो, हवेतला ओलावा वाढवतो. नागवेलीला एवढंच हवं असतं. तिला उष्णतेचं वावडं नाही, कोरडेपणाचं आहे. थंडी मात्र सावलीतून तयार होत नाही. पाण्याने हवा थंड करण्यालाही मर्यादा आहे आणि ती आपल्या घरातल्या कूलरमध्ये दिसते. मे महिन्यात अकोल्यात हवा ४४ अंशांवर असेल आणि तिच्यात ओलावा जेमतेम १५ टक्के असेल, तर पाणी उडवून ती हवा अगदी आदर्श स्थितीत २३ अंशांपर्यंत खाली आणता येते. प्रत्यक्षात कूलर सत्तावीस-अठ्ठावीसवर थांबतो. तेवीसच्या खाली जाणं पाण्याच्या बाष्पीभवनाच्या नियमात बसत नाही. पंखा आणि ओल्या पॅडचं पॉलिहाऊस म्हणजे मोठा कूलरच. पावसाळ्यात हवेत आधीच ओल असते, तेव्हा तर तोही कामाचा नाही. जरबेऱ्याला एवढा गारवा चालतो. कोलंबाइनला पाच अंश हवे असतील तर वातानुकूलित खोली हवी आणि विजेचं बिल फुलांपेक्षा मोठं येईल.

चिखलदऱ्याचं नाव या चर्चेत हमखास निघतं. अमरावती जिल्ह्यातच, समुद्रसपाटीपासून साधारण ११०० मीटरवर, विदर्भात जिथे कॉफी होते ते ठिकाण हाताशी असताना मैदानाची रडकथा कशाला? हिशेब सरळ आहे. अमरावती शहर ३४० मीटरच्या आसपास आहे. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश धरले तर चिखलदरा अमरावतीपेक्षा पाच अंशांनी थंड. जानेवारीतल्या रात्री त्यामुळे बोचऱ्या होतात, पण दुपार काही पाच अंशांवर येत नाही, आणि उन्हाळा पंचेचाळीसऐवजी चाळिशीच्या जवळपासचा होतो. कॉफीला हे मानवतं, कारण कॉफी उष्ण प्रदेशातल्या डोंगरांची आहे. थंडी मागणाऱ्या झाडासाठी चिखलदऱ्याचा गाविलगड डोंगर बुटकाच पडतो.

मग परदेशी फुलं नकोतच का? इथे मला उलट बाजूने बोलावंसं वाटतं. फूल परदेशी आहे म्हणून ते नाकारणं म्हणजे दसऱ्याच्या दाराला झेंडूचं तोरण नाकारण्यासारखं आहे. झेंडू मेक्सिकोचा. निशिगंध, झिनिया, कॉसमॉस हेही तिकडचेच. गलांडा उत्तर अमेरिकेतला. ॲस्टर चीनमधून आलं. गाव कोणतं हे महत्त्वाचं नाही, त्या गावाचे ऋतू कोणते हे महत्त्वाचं. मेक्सिकोत पाऊस उन्हाळ्यात पडतो आणि तिथली झाडं उष्ण, ओल्या दिवसांत वाढतात. त्यामुळे ती आपल्या खरिपात चपखल बसली, जसा त्यांच्याच गावचा मका बसला. दुसरीकडे भूमध्य समुद्राभोवतीचा आणि पश्चिम आशियाचा प्रदेश घ्या. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा आणि कडक. तिथल्या हंगामी झाडांनी एक युक्ती साधलेली आहे: थंडीच्या सुरुवातीला रुजायचं, सौम्य हिवाळ्यात वाढायचं, फुलायचं, आणि ऊन चढायच्या आत बी होऊन पडून राहायचं. गहू, हरभरा, जवस, मसूर ही आपली रब्बीची पिकं मूळची त्याच पट्ट्यातली, आणि बिजलीची शेवंतीही भूमध्य किनाऱ्याची. म्हणजे वऱ्हाडाला बाहेरून आलेल्यांपैकी दोन घराणी मानवली, एक खरिपाचं, एक रब्बीचं. बर्फाळ डोंगरातलं तिसरं घराणं या दोन्ही हंगामांत बसत नाही, आणि कोलंबाइन त्या तिसऱ्या घराण्यातलं आहे.

गंमत अशी की कोलंबाइनच्या जवळच्या नात्यातली काही भावंडं रब्बीच्या घराण्यात आहेत. लार्कस्पर हे त्याच मोठ्या कुळातलं, तसंच मागे शेपटी असलेलं, निळं-जांभळं-गुलाबी-पांढरं फूल. मैदानी भारतातल्या हिवाळी बागांमध्ये ते जुनंच आहे. स्वयंपाकघरातल्या कलौंजीची सख्खी बहीण शोभणारी निगेला हीही त्याच कुळातली. तिची निळी फुलं आणि नंतर फुगणारी बोंडं दोन्ही फुलदाणीत शोभतात. आपल्या डोंगरात दिसणारी मोरवेलही याच कुळात मोडते. ज्याला कोलंबाइनच्या शेपटीची ओढ आहे त्याने लार्कस्पर लावावं, असं मी आग्रहाने सांगेन. हे दुधाची तहान ताकावर भागवणं नाही. दांड्याचं फूल म्हणून लार्कस्पर कोलंबाइनपेक्षा सरस आहे. कोलंबाइनचा दांडा नाजूक, फुलं खाली मान घातलेली, फुलदाणीत पाच-सात दिवसांचा खेळ, आणि पाकळी जराशा धक्क्याने गळणारी. लार्कस्परचा तुरा हातभर उंच, सरळ, एका तुऱ्यावर वीस-तीस फुलं, आणि उलटा टांगून वाळवला तर निळा रंग पुढे कित्येक महिने टिकतो.

लार्कस्परचं सगळं गणित हरभऱ्याशी जुळतं, म्हणून ते वऱ्हाडी माणसाला लवकर कळतं. हरभरा पेरतात तेव्हा पेरावं, किंबहुना चार दिवस उशिराच, ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. जमीन तापलेली असताना बी रुजत नाही. ते नासतं किंवा पडून राहतं, आणि लोक दुकानदाराला दोष देतात. इथे मात्र फ्रिज खरोखर उपयोगी पडतो: ओलसर रेतीत मिसळून बी दहा-पंधरा दिवस फ्रिजमध्ये ठेवलं तर उगवण सुधारते. कोलंबाइनच्या बियाला उजेड लागतो, याला अंधार. म्हणून अर्धा सेंटिमीटर माती वर हवीच. रुजायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर धीर धरावा. सोटमूळ सरळ खाली जातं आणि उपटून लावलेलं रोप रुसतं, त्यामुळे पन्हेरी करू नये, बी जागेवरच टोकावं आणि वीतभर अंतर ठेवून विरळणी करावी. आपली भारी काळी जमीन ही यातली खरी परीक्षा आहे. ती पाणी धरून ठेवते, उन्हात भेगाळते, आणि तिच्यात मानकूज लवकर येते. रेती आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळून वीतभर उंचीचा गादीवाफा केला, किंवा खोल कुंडी घेतली, की प्रश्न बराचसा सुटतो. जमिनीतला चुना या झाडाला फारसा जाचत नाही. पाण्याचं मात्र पाहावं लागतं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्यावर नाजूक फुलझाडं धरू नयेत. पावसाचं साठवलेलं किंवा नळाचं पाणीच वापरावं. आणि बी विषारी असतं, कोवळी रोपंही. गाय-बकरी जिथे मोकळी फिरते तिथे हे झाड नको.

फुलं फेब्रुवारीत येतात आणि त्यांचा हंगाम महिनाभराचा. त्यातही दुपारी पारा तेहतिशीपार गेला की तुरे आखूड होत जातात. हा महिना बाजाराच्या दृष्टीने वाईट नाही. माघ वद्य सप्तमीला शेगावच्या गजानन महाराजांचा प्रकट दिन येतो, लग्नसराई चालू असते, आणि तेव्हा मागणी सगळ्याच फुलांना असते. पण इथे हातचं राखून बोललं पाहिजे. आपला फुलबाजार सुट्या फुलांचा आहे. झेंडू, शेवंती, बिजली किलोवर विकली जाते, हार आणि तोरणासाठी. महालक्ष्म्या, अंबादेवीचं नवरात्र, दसरा, दिवाळी हे त्याचे खरे मोसम. दांड्याची फुलं जुडीवर घेणारं गिऱ्हाईक म्हणजे लग्नाच्या मंचाची सजावट करणारे आणि पुष्पगुच्छवाले, आणि त्यांचा जरबेरा-कार्नेशनचा माल बराचसा बाहेरून येतो. त्या व्यवहारात शिरायला अर्धा एकर लार्कस्पर लावा, असा सल्ला मी कुणालाही देणार नाही. कापूस-सोयाबीनच्या भावात पोळलेल्या शेतकऱ्याला नवं फूल म्हणून काहीही विकता येतं, आणि विकणाऱ्यांची आपल्याकडे कधी वाण नव्हती. घरासाठी दोन वाफे, गावातल्या एखाद्या पुष्पगुच्छवाल्याशी आधी बोलून चार वाफे, एवढ्यावर थांबावं. दांडे मात्र तरबेज माणसासारखे कापावेत: पहाटे, खालची पाव ते एक-तृतीयांश फुलं उमलली असताना, खालची पानं काढून, ताबडतोब स्वच्छ पाण्याच्या बादलीत. जानेवारी-फेब्रुवारीतली पहाट ही आपल्याला फुकट मिळालेली शीतसाखळी आहे; ती दहा वाजता संपते. पिकत्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि लार्कस्परची फुलं त्याने झडतात, म्हणून फुलदाणी केळी-पपईपासून दूर असावी. संत्र्याची टोपली शेजारी चालते, तिच्यातलं एखादं बुरशी धरलेलं संत्रं चालत नाही.

शेवटचा आक्षेप कष्टांचा. दरवर्षी पेरा, दरवर्षी उपटा; त्यापेक्षा एकदा लावलं की वर्षानुवर्षं राहणारं झाड बरं नाही का? थंड देशात हे खरं असेल, कारण तिथे बहुवर्षायू झाड हिवाळाभर फुकट झोपतं. आपल्याकडे त्याच झाडाला मार्चपासून जूनपर्यंत ग्रीन नेट आणि रोजचं पाणी लागतं, आणि तेही नेमकं तेव्हा, जेव्हा अकोल्यात नळ कधी येतील यावर घराघरांत ड्रमांचा हिशेब चालतो. चार महिने पाणी पाजून नुसती पानं सांभाळायची, की चार महिने बरणी फळीवर ठेवायची, हा हिशेब मला अवघड वाटत नाही. शिवाय बरणीचा एक फायदा कुणी धरत नाही. लार्कस्परची फुलं बऱ्याच अंशी स्वतःच्याच परागाने फळतात, त्यामुळे रंग फारसे बिघडत नाहीत. मार्चच्या उन्हातही जी झाडं शेवटपर्यंत उंच तुरे देतात, त्यांच्याच शेंगा तांबूस झाल्यावर निवडून घेतल्या तर दरवर्षी थोडं जास्त वऱ्हाडी झालेलं बी हाती येतं. बिजलीचं असं करताना पांढरी आणि पिवळी दूरदूर लावावी लागते, तिच्यात मधमाश्या सरमिसळ करतात. शेंगा दुपारी तडकून बी उधळतं, म्हणून त्या सकाळीच खुडाव्यात, कागदावर सावलीत वाळवाव्यात, आणि बी बाटलीत भरून, तिच्यावर रंग आणि वर्ष लिहून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून द्यावं.